हेलसिंकीत पदक जिंकणाऱ्या खाशाबा जाधवांचं मेलबर्न एका गुडघ्यानं हुकवलं

पहाटेची वेळ. घुग्घुसच्या रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांची रांग अजून लागायची असते, तेवढ्यात कडेनं पोरं-पोरी धावायला लागतात. कुणाच्या पायात नवे बूट, कुणाच्या पायात मोठ्या भावाचे जुने. चंद्रपूर असो की गडचिरोली, या भागात पहाटे धावणाऱ्या पोरांना कशाची तयारी चाललीय असं विचारलं की बहुतेक वेळा उत्तर एकच येतं, पोलीस भरती.

भरतीच्या मैदानी चाचणीला 50 गुण असतात. त्यातले 20 गुण मुलांना 1600 मीटर धावण्याचे. म्हणजे अनेक घरांचं भविष्य दोन गुडघ्यांवर उभं असतं. आणि मग कधीतरी जाहिरात निघते, पोरगं एका आठवड्यात धावणं दुप्पट करतं, आणि ऐन चाचणीच्या तोंडावर गुडघा धरून घरी बसतं.

ही गोष्ट नवी नाही. महाराष्ट्राच्या पोलीस खात्यात असाच एक माणूस होता. त्याच्या घरी ऑलिम्पिकचं पदक होतं, दुसऱ्या पदकासाठी तो पुन्हा जाणार होता, आणि गुडघ्यानं त्याला थांबवलं. त्याचं नाव खाशाबा दादासाहेब जाधव.

खाशाबांनी पदक कसं आणलं हे आपण बऱ्याचदा ऐकलंय. आज तीच गोष्ट त्यांच्या शरीराच्या बाजूनं समजून घेऊया. कारण शरीर कसं वळतं, भार कुठे पडतो आणि पाय कुठे रुतलेला असतो, यावर खेळाडूचं अख्खं आयुष्य ठरू शकतं.

गोळेश्वरचं बारकं पोरगं

खाशाबांचा जन्म 15 जानेवारी 1926 चा. गाव कराड तालुक्यातलं गोळेश्वर, जिल्हा सातारा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा सगळ्यात धाकटे. वयाच्या पाचव्या वर्षीच वडिलांनी त्यांना आखाड्याच्या मातीत उतरवलं. पुढे बाबुराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांनी त्यांना डाव शिकवले. शाळा कराडची टिळक हायस्कूल. 1942 च्या चळवळीत क्रांतिकारकांना आसरा देणं, पत्रकं वाटणं ही कामंही त्यांनी केली.

अंगानं खाशाबा अगदी लहान होते. पैलवान म्हटलं की डोळ्यांसमोर जे धिप्पाड शरीर येतं, त्यात ते बसतच नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेल्यावरचा एक किस्सा सांगितला जातो. कॉलेजच्या स्पर्धेत उतरायचं म्हणून खाशाबा गेले, तर त्यांची अंगकाठी बघून क्रीडाशिक्षकांनी त्यांना घ्यायलाच नकार दिला. खाशाबा थेट प्राचार्य खर्डेकरांकडे गेले. त्यांनी परवानगी दिली, आणि खाशाबांनी आपल्यापेक्षा थोराड पोरांना आस्मान दाखवलं.

हे जमलं कसं? तर तोल आणि वेग. उंच माणसाला हलवायचं तर त्याच्या ताकदीशी ताकद लावून भागत नाही, त्याच्या वजनाचा तोल जिथे ढळतो ती जागा पकडावी लागते. खाशाबांचा हातखंडा डाव होता ढाक. समोरच्याच्या मानेला पकड घालायची, झटक्यात स्वतः वळायचं आणि कमरेच्या जोरावर त्याला फेकायचं. बघणाऱ्याला वाटतं ही हातांची करामत आहे. खरं काम करतात पाय, कंबर आणि ती वळण्याची वेळ.

ही वळण्याची गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिच्याकडे परत यायचंय.

लंडनमध्ये माती नव्हती

1948 साली लंडनला ऑलिम्पिक झालं. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाचा भार उचलला आणि 22 वर्षांचे खाशाबा 52 किलो वजनी गटात उतरले.

तिथे गेल्यावर समोर आली गादी. म्हणजे आपण आज ज्याला मॅट म्हणतो ती. खाशाबांचं सगळं आयुष्य मातीत गेलेलं. वरवर बघता दोन्हीकडे कुस्तीच, मग फरक काय?

फरक मोठा आहे. तालमीची माती खणून भुसभुशीत केलेली असते. त्यात तेल, ताक, हळद मिसळलेली असते. पैलवान अनवाणी उतरतो. अंग वळलं की पायाखालची माती थोडी सरकते, पाऊल तिच्यात फिरतं. गादीवर तसं होत नाही. पायात बूट असतात, खालचा पृष्ठभाग पावलाला पकडून ठेवतो. त्यामुळे पुढे झेपावताना जोर जास्त मिळतो, पण वळताना पाऊल जागच्या जागी अडकू शकतं.

दुसरा फरक वेळेचा. मातीत चितपट होईपर्यंत कुस्ती चालू शकते. पैलवान दम धरतो, समोरच्याला दमवतो, मग डाव टाकतो. गादीवर घड्याळ असतं आणि गुण असतात. सतत वाकून राहावं लागतं, पायांवर झडप घालावी लागते, गुडघा टेकवून पुन्हा क्षणात उठावं लागतं. म्हणजे खेळ तोच, पण शरीराला हालचालींची नवी भाषा शिकावी लागते.

त्या वेळी रीस गार्डनर या विदेशी प्रशिक्षकानं खाशाबांना तयार केलं. ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला त्यांनी काही मिनिटांतच हरवलं, अमेरिकेच्या बिली जर्निगनलाही हरवलं. नंतर इराणच्या मन्सूर रईसीनं त्यांना रोखलं. शेवटी सहावा क्रमांक आला. गादीची पुरती ओळखही नसलेल्या भारतीय पैलवानासाठी ही फार मोठी मजल होती.

खाशाबा मात्र समाधानी नव्हते. पुढची चार वर्षं त्यांनी सरावात घातली.

गहाण पडलेलं घर आणि हेलसिंकी

1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकची निवड झाली तेव्हा खाशाबांना डावललं गेलं. आपल्यावर अन्याय झाला अशी तक्रार घेऊन त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा लढत लावली गेली, खाशाबा जिंकले आणि संघात आले.

मग प्रश्न आला पैशांचा. गोळेश्वर आणि कराडमध्ये लोकांकडून वर्गणी जमवली. तरी भागेना. तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. 1952 चे सात हजार. विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी घर गहाण टाकणारा प्राचार्य आजही शोधून सापडणार नाही.

हेलसिंकीत खाशाबा 57 किलो गटात खेळले. कॅनडाचा पोलिक्विन, मेक्सिकोचा बसुर्तो आणि जर्मनीचा श्मिट्झ यांना त्यांनी हरवलं. मग समोर आला जपानचा शोहाची इशी. ही कुस्ती पंधरा मिनिटांपर्यंत चालली. खाशाबा हरले. तोच इशी पुढे सुवर्णपदक घेऊन गेला.

खरी गोष्ट इथे आहे. इशीबरोबरच्या या दमछाक करणाऱ्या कुस्तीनंतर खाशाबांना जवळपास लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवशी लढायला सांगण्यात आलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी, असा नियम होता. पण खाशाबांच्या बाजूनं नियम दाखवून भांडायला तिथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. थकलेले खाशाबा पुन्हा गादीवर उतरले आणि हरले.

विश्रांती ही चैन नाही, हे आज क्रीडावैद्यक ठामपणे सांगतं. स्नायू थकले की ते उशिरा प्रतिसाद देतात. सांध्याला सांभाळायचं काम स्नायूंचं असतं. ते वेळेवर धावून आले नाहीत की सगळा झटका सांध्यावर आणि अस्थिबंधांवर येतो. त्या दिवशी खाशाबांची कुस्ती गेली, गुडघा वाचला.

23 जुलै 1952 ला त्यांच्या गळ्यात कांस्यपदक पडलं. स्वतंत्र भारताचं ऑलिम्पिकमधलं हे पहिलं वैयक्तिक पदक. गावी परतल्यावर कराड स्टेशनपासून शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि खाशाबांनी पहिलं काम काय केलं, तर कुस्त्यांचं मैदान भरवलं आणि त्याच्या कमाईतून खर्डेकर सरांचं घर सोडवलं.

1956 आणि तो गुडघा

1955 साली खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. पोलिसांच्या स्पर्धांमध्ये ते जिंकत होते. पुढचं लक्ष्य होतं 1956 चं मेलबर्न ऑलिम्पिक.

वय तिशीचं. पैलवानासाठी हे वय संपलेलं नसतं, उलट डोकं आणि अंग दोन्ही पक्व झालेलं असतं. लंडनला सहावा, हेलसिंकीला तिसरा. आलेख वरच जात होता. आणि नेमकी त्याच काळात गुडघ्याला गंभीर दुखापत झाली. खाशाबा मेलबर्नला जाऊ शकले नाहीत आणि ऑलिम्पिकचा प्रवास तिथेच थांबला.

भारताला दुसरं वैयक्तिक पदक मिळायला 1996 उजाडलं. अटलांटात टेनिसपटू लिअँडर पेसनं कांस्य जिंकलं. मधे गेली 44 वर्षं. कुस्तीत तर 2008 च्या बीजिंगपर्यंत, सुशील कुमारच्या कांस्यपदकापर्यंत वाट बघावी लागली. खाशाबा मेलबर्नला गेले असते तर पदक आलंच असतं असं कुणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण त्यांना संधीच मिळाली नाही, हे मात्र खरं.

गुडघ्यात होतं तरी काय?

आता मघाच्या वळण्याकडे परत येऊ.

गुडघा दाराच्या बिजागरीसारखा असतो. पुढे-मागे वाकणं हे त्याचं मुख्य काम. थोडाफार तो फिरतो, पण फार नाही. गोल फिरायचं काम वरच्या खुब्याचं आणि खालच्या घोट्याचं. म्हणजे गुडघा दोन फिरणाऱ्या सांध्यांच्या मधे अडकलेला आहे. वरचा आणि खालचा नीट वागले तर मधला सुरक्षित. त्यांच्यापैकी एकानं कामचुकारपणा केला की शिक्षा गुडघ्याला.

समजा पाऊल जमिनीला घट्ट चिकटलंय आणि वरचं शरीर झटक्यात वळलं. खुबा पुरेसा फिरला नाही, पाऊलही सुटलं नाही. मग हा सगळा पीळ जातो कुठे? गुडघ्यात. त्यातच गुडघा आतल्या बाजूला, दुसऱ्या गुडघ्याकडे झुकला तर काम बिघडलंच. गुडघ्याच्या आत फुलीच्या आकारात दोन अस्थिबंध असतात. त्यातला पुढचा म्हणजे एसीएल. क्रिकेट, फुटबॉल, कबड्डीच्या बातम्यांत हे नाव तुम्ही ऐकलं असेल. अशा पिळात तो तुटू शकतो. आतल्या बाजूचा अस्थिबंध ताणला जाऊ शकतो. आणि मांडीचं हाड व नळीचं हाड यांच्यामधे गादीसारखं काम करणाऱ्या चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन चकत्या असतात, त्यांना मेनिस्कस म्हणतात, त्या फाटू शकतात.

विशेष म्हणजे एसीएलच्या बऱ्याच दुखापती कुणाचा धक्का न लागता होतात. खेळाडू एकटाच असतो. उडी मारून खाली येतो किंवा धावता धावता दिशा बदलतो आणि कोसळतो. कुस्तीत तर यात समोरच्याचं वजनही येतं. पाय अडकलेला आणि वरून 57 किलोचा पैलवान, अशा वेळी गुडघ्यानं किती सोसायचं?

म्हणूनच चांगला वस्ताद डाव शिकवताना हाताआधी पाय बघतो. वळताना पंजा वळला का, कंबर आधी फिरली का, गुडघा पंजाच्या दिशेत राहिला का. ही नुसती शिस्त नसते. डाव जमवायचं आणि गुडघा वाचवायचं, दोन्ही कामं तीच करते.

जोर-बैठकांनी गुडघे जातात का?

खाशाबांसारखे पैलवान जोर-बैठकांवर वाढले. आज बरेच जण सांगतात की बैठकीत गुडघा पायाच्या बोटांपुढे गेला की संपलंच. हे अर्धवट आहे. निरोगी गुडघा बोटांपुढे जाणं ही नैसर्गिक गोष्ट आहे. जिना उतरतानाही तो जातो. त्रास होतो तो सवय नसताना एकदम शेकडो बैठका मारल्या की, किंवा प्रत्येक बैठकीला गुडघा आत झुकत राहिला की.

आणखी एक गोष्ट. शरीराची ठेवण एकदम परफेक्ट असली म्हणजे दुखापत होतच नाही, असंही नाही. एखाद्याचे पाय थोडे बाहेर वळलेले असतात, कुणाचे तळवे सपाट असतात, तरी ते वर्षानुवर्षं धावतात. कारण त्यांच्या शरीराला त्या भाराची हळूहळू सवय झालेली असते. दुखापत बहुतेक वेळा तीन गोष्टी एकत्र आल्या की होते. हालचाल चुकलेली, भार एकदम वाढलेला आणि शरीर थकलेलं. पृष्ठभाग बदलला, म्हणजे माती सोडून गादी आली किंवा मैदान सोडून डांबर आलं, तर त्यात चौथी गोष्ट मिसळते.

तेव्हा इलाज काय होता?

आज गुडघा दुखावला तर एमआरआय काढून आत काय तुटलंय ते बघता येतं. छोट्या छिद्रातून दुर्बीण घालून शस्त्रक्रिया होते. एसीएल तुटलेले खेळाडू साधारण नऊ महिने ते वर्षभरात मैदानावर परततात.

1956 साली यातलं काही हाताशी नव्हतं. एमआरआय रुग्णालयांत यायला 1980 चं दशक उजाडलं. दुर्बिणीतून मेनिस्कसचा फाटलेला तुकडा काढण्याची पहिली शस्त्रक्रिया जपानच्या मासाकी वातानाबे यांनी 1962 मध्ये केली. म्हणजे मेलबर्ननंतर सहा वर्षांनी. त्याआधी फाटलेली चकती अनेकदा अख्खीच काढून टाकत, आणि मग पुढे सांध्याची झीज सुरू होई. पैलवानाच्या सोबत फिजिओ असणं ही तर आपल्याकडे कल्पनाही नव्हती. ज्यांना ऑलिम्पिकला जायला वर्गणी काढावी लागली, त्यांच्या गुडघ्याच्या मागे कोण उभं राहणार होतं?

वर्दीतली वर्षं

कुस्ती थांबली तरी खाशाबा खचून बसले नाहीत. पोलीस खात्यात त्यांनी 27 वर्षं सेवा केली, खेळाडूंना शिकवलं आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. पण निवृत्तीनंतर पेन्शनसाठीही त्यांना झगडावं लागलं. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत मशाल घेऊन धावण्याचा मान तेवढा मिळाला.

14 ऑगस्ट 1984 ला रस्ते अपघातात खाशाबांचं निधन झालं. वय 58 वर्षं. मोठे सन्मान आले ते त्यांच्या माघारी. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं गेलं. 15 जानेवारी 2023 ला त्यांच्या जयंतीला गुगलनं डूडल केलं, तेव्हा कित्येकांनी हे नाव पहिल्यांदा सर्च केलं.

आता भरतीवाल्यांनो, हे करून बघा

खाशाबांना जे कुणी सांगितलं नसेल, ते आज फुकटात कळू शकतं.

आरशासमोर एका पायावर उभे राहा आणि थोडं वाका. गुडघा पायाच्या मधल्या बोटांच्या दिशेत राहतो की आत झुकतो, ते बघा. आत झुकत असेल तर मांडीचे आणि खुब्याच्या बाजूचे स्नायू कमी पडतायत. एका पायावरच्या बैठका, आडवं झोपून पाय बाजूला उचलणं, जमिनीवर पडून कंबर वर उचलणं असे साधे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस केले तरी काही महिन्यांत फरक पडतो. उडी मारून खाली येताना आवाज कमी आला पाहिजे. धप्पकन आवाज म्हणजे झटका थेट सांध्याला.

फुटबॉलपटूंसाठी फिफानं तयार केलेला वॉर्म-अप याच तत्त्वावर चालतो. धावणं, तोल सांभाळणं, नीट उतरणं, पोट-पाठीचा जोर, सगळं मिळून वीसेक मिनिटं. तो नियमित करणाऱ्या संघांमध्ये दुखापती सुमारे तिसऱ्या हिश्श्यानं कमी झाल्याचं मोठ्या अभ्यासांत दिसलंय. त्याला लागतं फक्त मैदान आणि सवय.

धावण्याचं अंतर एकदम दुप्पट करू नका, हळूहळू वाढवा. रोज डांबरावर धावत असाल तर आठवड्यातले दोन-तीन दिवस मातीच्या मैदानावर काढा. विश्रांतीचा दिवस हा सरावाचाच भाग धरा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. गुडघ्यात कट्ट असा आवाज झाला, काही तासांत सूज आली किंवा चालताना गुडघा निसटल्यासारखा वाटला, तर तेल लावून चोळायला किंवा झटका देऊन बसवायला कुणाकडे जाऊ नका. थेट हाडांच्या डॉक्टरांकडे जा. चाचणी पुढच्या वर्षी पुन्हा देता येते.

खाशाबांना मेलबर्न पुन्हा मिळालं नाही. घुग्घुसच्या रस्त्यावर उद्या पहाटे धावणाऱ्या पोरांकडे मात्र अजून वेळ आहे. एवढंच करा, वळताना आधी पाय वळवा.